वाईट चित्रपट म्हणावें कशाला?

आजच्या भाषणासाठीं मीं जो विषय घेतला आहे, तो ऐकून कांहीं जणांस नवल वाटेल. चांगल्या ग्रंथांविषयीं, चांगल्या नाटकांविषयीं, चांगल्या चित्रपटांविषयीं व्याख्यानें देण्याची आपल्याकडे रीत आहे. वाईटाची चर्चा मात्र आपण ओट्यावर करतों, सभेंत करीत नाहीं. पण खरें पाहूं गेलें तर ओट्यावरची ही चर्चाच अधिक रंगते. साताऱ्यास राजवाड्यापुढें म्हणा किंवा सांगलीस आयर्विन पुलाच्या कठड्याशीं म्हणा, चार परिचित मंडळी जमली आणि चित्रपटांची गोष्ट निघाली, कीं उत्तम चित्रपट कोणता या प्रश्नावर लवकरच एकमत होतें. कोणी तरी ‘संत तुकारामा’चें नांव घेतो आणि बाकीचे माना डोलावतात. परंतु सर्वांत वाईट चित्रपट कोणता, एवढें कोणीं विचारलें, कीं आवाज चढूं लागतात. प्रत्येकाजवळ आपापला उमेदवार तयार असतो, आणि आपलाच उमेदवार सर्वांत वाईट आहे हें सिद्ध करण्यासाठीं माणसें जेवणाची वेळ टळली तरी उठत नाहींत.

वरवर पाहतां हा वाद हंसण्यावारी नेण्यासारखा दिसतो. पण तसा तो नाहीं. एखाद्या चित्रपटाच्या कपाळीं आपण ‘सर्वांत वाईट’ असा शिक्का मारतों, तेव्हां तो शिक्का पुष्कळदां पाहणाऱ्यांच्या कपाळींही उमटतो. यात्रेंतल्या तंबूंत भुईवर मांडी घालून बसलेला शेतकरी, पदरानें डोळे पुसणारी गृहिणी, हे सगळे त्या एका शब्दासरशीं अडाणी ठरतात. शिवाय वाईट म्हणून जें आपण टाकून देतों तें कोणी जपून ठेवीत नाहीं, आणि जें जपलें जात नाहीं त्याची फेरतपासणी पुढील पिढीस करतां येत नाहीं. म्हणून निकाल सांगण्यापूर्वीं कसोटी कोणती लावावयाची हें ठरविणें अगत्याचें आहे. माझा जन्म शाळेंत उत्तरपत्रिका तपासण्यांत गेला. गुण देण्याआधीं ते कशासाठीं द्यावयाचे हें ठरवावें लागतें, एवढी संवय त्या कामानें अंगीं बाणली. तीच आज येथें उपयोगास आणणार आहें.

पहिली कसोटी कारागिरीची. ज्या चित्रपटाचें छायालेखन भोंगळ, नटांचा अभिनय लांकडी, कथेचा सांधा ठिकठिकाणीं निखळलेला, तो वाईट. असें आपण सहज म्हणतों. या कसोटीवर जगांत ज्याचें नांव अग्रभागीं घेतलें जातें तो चित्रपट अमेरिकेंतला. एडवर्ड वुड नांवाच्या दिग्दर्शकानें १९५६ च्या सुमारास ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटाचें काम केलें. बेला लुगोसी हे त्या काळचे ख्यातनाम नट. ते ऑगस्ट १९५६ मध्यें वारले. त्यांचें अगोदर घेतलेलें थोडेंसें चित्रण दिग्दर्शकाच्या हाताशीं होतें. उरलेल्या प्रसंगांत त्यानें दुसराच मनुष्य उभा केला आणि चेहरा ओळखूं येऊं नये म्हणून त्यानें तोंडापुढें झगा धरूनच वावरावें अशी व्यवस्था केली! आकाशांतून उतरणाऱ्या तबकड्या तर दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यांसारख्या हेलकावतांना दिसतात. १९८० सालीं हॅरी व मायकेल मेडवेड या बंधूंनीं आपल्या पुस्तकांत या चित्रपटास सर्व काळांतील सर्वांत वाईट चित्रपट म्हणून जाहीर केलें. वुड त्यापूर्वींच, डिसेंबर १९७८ मध्यें, दारिद्र्यांत निवर्तले होते.

पण पुढें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. ही पदवी मिळाल्यावर लोक तो चित्रपट मुद्दाम शोधून पाहूं लागले. आरंभीं हंसण्यासाठीं आणि मग प्रेमानें. १९९४ सालीं टिम बर्टन या नामवंत दिग्दर्शकानें वुड यांच्या जीवनावरच चित्रपट काढला आणि त्यास दोन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. असें कां व्हावें? मला याचें कारण असें दिसतें, कीं त्या चित्रपटांत पैसा नाहीं, कौशल्य नाहीं, पण लबाडीही नाहीं. नाचतां येईना म्हणून अंगणास नांवें ठेवणारे पुष्कळ असतात. हा गृहस्थ येईल तसा, पण जीव ओतून नाचला. वर्गांत कांहीं मुलांचें अक्षर किरटें असतें, शुद्धलेखनाचा पत्ता नसतो, गणित तर साफ चुकलेलें असतें; तरी त्यानें स्वतः धडपड केली आहे हें कागदच सांगतो. अशा मुलास नापास करावें लागतें हें खरें. परंतु त्यास वर्गांतील सर्वांत वाईट मुलगा असें कोणताही शहाणा शिक्षक म्हणणार नाहीं.

आपल्या घरचेंच उदाहरण घेऊं. १९२९ सालीं कोल्हापुरास ‘प्रभात फिल्म कंपनी’ स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी हे तिचे संस्थापक. १९३३ सालीं या मंडळींनीं ‘सैरंध्री’ हा बोलपट रंगीत करण्याचें धाडस केलें. रंगीत प्रती तयार करण्याची सोय येथें नव्हती, म्हणून तें काम जर्मनींत करवून घेतलें. परंतु रंग मनासारखे उतरले नाहींत; पैसा गेला आणि हौसही फिटली नाहीं. त्या वर्षींच्या एखाद्या प्रेक्षकानें रंगांच्या बाबतींत ‘सैरंध्री’स शून्य गुण दिले असते तर त्यास दोष देतां आला नसता. पण त्याच कंपनीनें १९३६ सालीं ‘संत तुकाराम’ काढला आणि १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. जी माणसें अपयशास भीत नाहींत त्यांच्याच हातून असें यश घडतें. तेव्हां केवळ कारागिरींतील उणिवेवरून कोणत्याही चित्रपटास अधमाधम ठरविणें मला मान्य नाहीं.

दुसरी कसोटी धंद्याची. चित्रपट चालला नाहीं, म्हणजे तो वाईट. असा एक सरळ हिशेब पुष्कळ लोक मांडतात. हा हिशेब किती फसवा आहे हें दाखविण्यास आपला मुलूखच पुरेसा आहे. नारायण हरि आपटे हे कादंबरीकार सांगलीजवळच्या समडोळीचे आणि पुढें सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवीं स्थायिक झालेले. त्यांच्या कथेवरून बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कागदापायीं जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी. आणि त्या तरुण शेतकऱ्याचें काम व्ही. शांताराम यांनीं केलें होतें. देवदेवतांचे चमत्कार पाहण्यास सरावलेल्या त्या काळच्या प्रेक्षकांनीं या मूकपटाचें व्हावें तसें स्वागत केलें नाहीं. आज मात्र भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण वास्तववादी चित्रपटाचा आरंभ सांगतांना ‘सावकारी पाशा’चें नांव आदरानें घेतो.

अलीकडच्या काळाकडे वळूं. वाईजवळच्या मेणवलीचा घाट आणि तेथील नाना फडणविसांचा वाडा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटाचें गांव याच परिसरांत उभें राहिलें. परदेशांत मोठ्या हुद्द्यावर असलेला एक शास्त्रज्ञ गांवीं येतो आणि ओढ्याच्या पाण्यावर गांवापुरती वीज निर्माण करतो, एवढीच त्याची कथा. २००४ सालीं तो प्रदर्शित झाला तेव्हां तिकिटाच्या खिडकीवर त्यानें निराशाच केली. आज शाळा-महाविद्यालयांतून तो आवर्जून दाखवितात. गुरुदत्त यांच्या १९५९ च्या ‘कागज के फूल’ची कथा याहून करुण आहे. तो चित्रपट पडला आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्त यांनीं आपलें नांव दुसऱ्या कोणत्याही चित्रपटास लावलें नाहीं. आज तोच चित्रपट अभ्यासकांच्या वाचनांत व चर्चेंत असतो. प्रेक्षकांच्या गैरहजेरीनें एक मोठा कलावंत मुका झाला, ही हानि कोणत्या वहींत मांडावयाची?

तिसरी कसोटी अभिरुचीची, आणि येथेंच खरी कुस्ती जुंपते. अमुक चित्रपट ग्राम्य आहे, तमुक चित्रपट रडका आहे, म्हणून तो वाईट. असें शिकलेल्या घरांतून म्हटलें जातें. या बाबतींत सांगलीकरांनीं तरी जपून बोलावें. १८४३ सालीं सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला. पुढें १८८० सालीं किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ आलें, लोकांची दृष्टि बदलली, आणि भावे यांच्या धर्तीच्या खेळांतील राक्षसांच्या आरोळ्यांची ‘अलल्डुर्र’ म्हणून यथेच्छ थट्टा सुरू झाली. नव्या रसिकांच्या लेखीं तीं नाटकें हास्यास्पद ठरलीं. आणि आज? प्रतिवर्षीं ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमीचा दिवस म्हणून आपण पाळतों तो त्याच ‘सीतास्वयंवरा’च्या स्मरणार्थ! अभिरुचि ही नदीच्या पात्रासारखी आहे. ती कांठ बदलीत जाते. आजच्या कांठावर उभें राहून कालच्या पाण्यास नांवें ठेवण्यांत शहाणपण नाहीं.

कै. दादा कोंडके यांच्या चित्रपटांविषयीं सुशिक्षित घरांतून काय बोललें जाई, हें मीं सांगावयास नको. ‘सोंगाड्या’ १९७१ सालीं आला. त्याची कथा वसंत सबनीस यांची. पुढें कोंडके यांच्या नऊ चित्रपटांनीं रौप्यमहोत्सव केल्याची नोंद गिनेस बुकांत झाली. त्यांच्यावर आरोप एकच, द्वयर्थी भाषेचा. पण हा आरोप करणारे हें विसरतात, कीं आपल्या लोकनाट्याची बतावणी शतकानुशतकें याच दुधारी शब्दांवर चालत आली आहे. गांवचा भोळा गडी शहाण्यासुरत्यांची फजिती करतो, हा त्यांतला खरा विनोद. शब्दाचा चावटपणा हें नुसतें तोंडीलावणें. ‘सोंगाड्या’मध्यें हा भोळा गडी जिवंत आहे, म्हणून त्या चित्रपटास वाईट म्हणण्यास मी तयार नाहीं. पुढें पुढें गडी मागें पडला आणि तोंडीलावण्यानेंच ताट भरूं लागलें, तेथें मात्र टीकाकारांचें म्हणणें मला पटतें. सांगावयाचें तें इतकेंच, कीं ग्राम्य म्हणून सगळ्यांस एकाच दावणीस बांधूं नये.

रडक्या चित्रपटांची गोष्ट याहून नाजूक आहे. १९९१ सालीं विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ आला. राजस्थानी भाषेंतील ‘बाई चाली सासरिये’ या चित्रपटावरून तो घेतलेला. अलका कुबल यांनीं त्यांत सोशिक सुनेचें काम केलें. शहरांतल्या मंडळींनीं नाकें मुरडलीं. मराठींतील सर्वांत वाईट चित्रपट म्हणून त्याचें नांव घेणारे आजही भेटतात. परंतु खेड्यापाड्यांतील बायका गाड्या करून तालुक्याच्या गांवीं तो पाहण्यास गेल्या, हें सातारा-सांगलीकडील जाणत्या माणसांच्या स्मरणांत असेल. त्यांच्या डोळ्यांतलें पाणी खोटें होतें काय? ज्या घरांत सुनेस मोठ्यानें रडण्याचीही मुभा नव्हती, त्या घरांतील सुनेला त्या अंधारांत तीन तास रडावयास मिळालें. हें रडणें ज्यांना हंसूं येण्यासारखें वाटतें त्यांना मी एवढेंच म्हणेन, कीं ज्याचें जळतें त्यालाच कळतें.

तथापि येथेंच थांबलें तर तपासणी अपुरी राहील. चित्रपटानें त्या बायकांचें दुःख ओळखलें हें खरें. पण त्यावर उपाय कोणता सांगितला? सोसण्याचा. आणि याच मुलखांतून त्याच्या फार आधीं दुसरें उत्तर दिलें गेलें होतें. सांगलीनजीकच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनीं १८९९ सालीं ‘शारदा’ नाटक लिहून जरठ-बाला-विवाहाचें भांडण चव्हाट्यावर आणलें. पुढें आपट्यांनीं ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी लिहिली आणि तिच्यावरून ‘प्रभात’नें १९३७ सालीं ‘कुंकू’ काढला. त्यांतील नीरा, जें काम शांता आपटे यांनीं केलें, म्हाताऱ्याशीं लावून दिलेल्या लग्नास मनानें मान्यता देण्याचें साफ नाकारते. ‘कुंकू’ आणि ‘माहेरची साडी’ यांच्यामध्यें ५४ वर्षांचें अंतर आहे. ५४ वर्षांनंतर पडद्यावरची सून पुढें जावयास हवी होती; ती मागें आली. ‘माहेरची साडी’वर माझा आक्षेप असलाच तर तो हा आहे, तिच्या आसवांवर नाहीं. आणि हा आक्षेपही त्या बायकांजवळ बसून, त्यांच्याशीं बोलून घ्यावयाचा आहे. त्यांना हंसून नव्हे.

आतां चौथी कसोटी, नकलेची. हिंदींत ‘शोले’ हा चित्रपट १९७५ सालीं आला. तो अजरामर झाला. त्याचीच नवी आवृत्ति म्हणून २००७ सालीं राम गोपाल वर्मा यांनीं ‘आग’ नांवाचा चित्रपट काढला. हिंदींतील सर्वांत वाईट चित्रपटांच्या यादींत त्याचें नांव तेव्हांपासून आजवर घेतलें जात आहे. वर्मा हे कांहीं नवखे नव्हत. ‘सत्या’सारखा उत्तम चित्रपट त्यांनींच १९९८ सालीं दिला होता. पैसा होता, नामांकित नट होते, अनुभव होता. नव्हतें तें एकच, स्वतः सांगण्यासारखें कांहीं. वुड यांच्याजवळ सांगण्याची हौस होती पण साधन नव्हतें. येथें साधन उदंड आणि सांगण्यास कांहीं नाहीं. उत्तरपत्रिकेच्या भाषेंत बोलावयाचें तर एक चुकलेली आणि दुसरी शेजाऱ्याची पाहून लिहिलेली. दोहोंचे गुण कदाचित् सारखे भरतील. दोष सारखा नाहीं.

या नकलेचा फटका सर्वांत अधिक कोणास बसला असेल तर तो आपल्या खेड्यांना. १९५९ सालीं अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. त्याची पटकथा आटपाडी तालुक्यांतील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांची. ज्यानें माणदेश पायांखालीं तुडविला त्या लेखकाची ती पटकथा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहांत तो अडीच वर्षांच्या आसपास चालला. हें यश पाहून तमाशापटांची रीघ लागली. त्यांतले कांहीं खरोखर चांगले निघाले. पण पुष्कळांनीं खेडें पाहून खेडें काढलें नाहीं, तर अगोदरचा चित्रपट पाहून खेडें काढलें. तोच लंपट पाटील, तोच बावळा हवालदार, तीच फडावरची नायिका आणि तोच पुतळ्यासारखा निर्जीव शाळामास्तर! आमच्या धंद्याच्या माणसास पडद्यावर जीव आला तो १९७२ च्या ‘पिंजरा’ चित्रपटांत. जर्मनीच्या ‘ब्लू एंजल’ या १९३० च्या बोलपटाचें मूळ त्यामागें असलें, तरी साताऱ्यास जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागू यांनीं तो मास्तर असा उभा केला, कीं मूळचा परकेपणा कोठेंही जाणवूं नये. परंतु हा अपवाद. एरव्हीं जें चित्र तयार झालें त्यांत कोयनाकांठचा वा येरळाकांठचा शेतकरी स्वतःला ओळखूं शकत नव्हता, आणि मुंबई-पुण्याच्या मुलांस मात्र खेडें म्हणजे असेंच असतें अशी खात्री पटली. ज्या तमासगिरांनीं पायांत घुंगरू बांधून अनवाणी मुलूख तुडविला, त्यांच्या वाट्यास खरें जीवन पडद्यावर दिसण्याचें भाग्य क्वचित् आलें.

शेवटची कसोटी सत्याची, आणि माझ्या मतें निकाल तिच्यावरच लागावा. कारागिरींत पहिला, धंद्यांत पहिला, आणि तरीही वाईटांतला वाईट, असा चित्रपट असूं शकतो काय? असूं शकतो. अमेरिकेंत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ १९१५ सालीं प्रदर्शित झाला. चित्रपटाचें तंत्र ज्यांनीं घडविलें त्यांत ग्रिफिथ यांचें स्थान फार वरचें आहे, आणि या मूकपटांतील युद्धाचीं दृश्यें पाहून आजही अभ्यासक थक्क होतात. पण त्यांत कृष्णवर्णीय माणसास पशु म्हणून रंगविलें आहे आणि त्यांना छळणाऱ्या कु क्लक्स क्लॅन या टोळीस देशाची तारणहार म्हणून मिरविलें आहे. मरून गेलेली ती टोळी त्याच १९१५ सालीं पुन्हां उभी राहिली, आणि तिला माणसें मिळवून देण्याच्या कामीं हा चित्रपट उपयोगीं पडला. १९३५ सालीं लेनी रिफेनश्टाल या बाईंनीं हिटलरच्या न्यूरेंबर्ग मेळाव्यावर जो चित्रपट काढला, त्याचीही कथा तीच. कॅमेरा अप्रतिम आणि हेतु विषारी. तबकड्यांच्या दोऱ्या दिसल्या म्हणून कोणाचें घर जळलें नाहीं. या सुबक चित्रपटांनीं पेटविलेला द्वेष मात्र माणसांच्या जिवावर उठला.

आणि याच्या उलट बाजूचा चित्रपट पाहावयाचा असेल तर आपल्यास आटपाडीबाहेर जावें लागत नाहीं. औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांच्या काळांत, १९३९ च्या सुमारास, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची खुली वसाहत निघाली. भिंत नाहीं, बेडी नाहीं. गुन्हेगारास माणूस समजून शेतींत राबवावयाचें, असा तो प्रयोग. त्याच्या आधारें ग. दि. माडगूळकर यांनीं कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५८ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत त्याचा सन्मान झाला. त्यांत भाबडेपणा आहे, थोडा भडकपणाही आहे. परंतु सहा खुनी माणसांकडे माणूस म्हणून पाहावयास तो लावतो. एकानें निरपराध्यांस पशु ठरविलें, दुसऱ्यानें अपराध्यांतला माणूस शोधला. या दोहोंच्या मध्यें सर्व चित्रपटांची रांग लावतां येईल असें मला वाटतें.

कोणी म्हणेल, मग वाईट ठरलेल्या चित्रपटांचें करावयाचें काय? जाळून टाकावे? माझें उत्तर, मुळींच नाहीं. मूकपटांच्या काळांत भारतांत तेराशेंच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतले फारच थोडे आज पाहावयास मिळतात. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ सालचा. त्याची एकही प्रत उपलब्ध नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, आणि पी. के. नायर यांनीं आपली सारी उमर जुन्या फिती गोळा करण्यांत घालविली. चांगला-वाईट असा निवाडा करीत न बसतां मिळेल तो चित्रपट जपावा, हें त्यांचें धोरण होतें. निवाडा पुढच्यांनीं करावा. त्यासाठीं पुरावा मात्र शिल्लक पाहिजे. जानेवारी २००३ मध्यें पुण्यांत जुन्या नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि कितीतरी पुरावा नष्ट झाला. आगीनें चांगलें कोणतें, वाईट कोणतें, हें विचारलें नाहीं.

पुसेगांवच्या किंवा पालीच्या यात्रेंत तंबूचा सिनेमा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना या बोलण्याचा अर्थ अधिक उमगेल. तंबूंत येणाऱ्या चित्रपटांची निवड कांहीं फार उच्च नसे. फितीवर ओरखडे, आवाज घोगरा, मधेंच पडदा पांढरा होई. तरी वर्षांतून एकदां चित्र हलतांना पाहणाऱ्या मुलाच्या तोंडावर जें आश्चर्य उमटे, तें खोटें नव्हतें. या फिरत्या सिनेमावर २०१६ सालीं ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट निघाला आणि तो कान येथील महोत्सवांत दाखविला गेला. ज्या तंबूस आपण हलकें समजत होतों तो जगानें दखल घेण्याजोगा ठरला, तेव्हां त्या तंबूंचे दिवस सरत आले होते.

तर श्रोतेहो, आतां निकाल. जगांतील सर्वांत वाईट चित्रपट कोणता असें मला कोणीं विचारलें, तर मी ‘प्लॅन नाइन’चें नांव घेणार नाहीं, मी ‘बर्थ ऑफ अ नेशन’चें घेईन, आणि तोही जपून ठेवा असेंच सांगेन. आपल्या मराठींतला सर्वांत वाईट कोणता, याचें उत्तर एका नांवानें देतां येत नाहीं. हा भित्रेपणा नव्हे. ज्या तमाशापटांनीं न पाहिलेलें खेडें विकलें ते एकमेकांसारखे इतके आहेत, कीं एकाचें नांव घ्यावें आणि तें दुसऱ्यास लागू पडावें. नांव उरूं नये हीच त्यांची शिक्षा आहे.

आपल्या घरीं मुलें एखादा चित्रपट पाहून येतील आणि असला वाईट चित्रपट जन्मांत पाहिला नाहीं म्हणून सांगतील, तेव्हां त्यांना गप्प बसवूं नका. त्यांना तीन प्रश्न विचारा. काढणाऱ्याजवळ साधन नव्हतें, कीं सांगण्यासारखें कांहीं नव्हतें? त्यानें दाखविलेलीं माणसें त्यानें स्वतः पाहिलीं होतीं, कीं दुसऱ्याच्या पडद्यावरून उचललीं होतीं? आणि चित्रपट पाहून उठतांना कोणा माणसाविषयीं तुझ्या मनांत तिरस्कार वाढला कीं कमी झाला? पहिल्या प्रश्नावर पुष्कळ चित्रपट सुटतील, दुसऱ्यावर कांहीं अडकतील. तिसऱ्यावर जो अडकला, त्याच्या सौंदर्याची कितीही वाहवा होवो, त्यास शेवटच्या बाकावर बसविण्यास कचरूं नका.